आधी काटा, मग पात

थांबा पावणं! हात घालू नका तिथं. सरा मागं, आणि मागं सरा. फोटो काढायचाय तर लांबनं काढा. झाड काय पळून जात न्हाय.

वरडले म्हणून राग मानू नका. माझा आवाजच तसला हाय. नेसरीच्या बाजारात मी भाव केला तर पलीकडच्या गल्लीतली माणसं दारात येत्यात. पण आत्ता वरडले ते भ्याले म्हणून. ह्या झाडाजवळ कुणी वाकलं की मी अशीच धावते. बसा हितं दगडावर, सांगते.

ह्याला आमी घायपात म्हणतो. एका गड्ड्यातनं चौफेर पात्या सुटत्यात, गोल, एकीवर एक, जाड, राखाडी, माणसाच्या कंबरेला लागतील एवढ्या. कडेला दातं आणि शेंड्याला एक काटा. काळा, टणक, बोटाच्या पेराहून मोठा. पाणी मागत न्हाय, खत मागत न्हाय. ह्या मुरमाड माळावर दुसरं काय टिकत न्हाय, पण हे वर्षानुवर्षं बसून ऱ्हातंय. लै वर्षांनी कधीतरी मधनं खांबाएवढा दांडा वर येतोय, त्याला फुलं लागत्यात, आणि मग झाड मरतंय. तवर गुरं तोंड लावत न्हाईत, चोर शिरत न्हाय. म्हणून बांधावर लावत्यात.

पातीच्या आत वाख असतोय. वाख म्हंजे दोर वळायचा धागा. आणि कापल्यावर जे पाणी गळतंय ते लै वंगाळ. अंगाला लागलं की आग-आग हुतीया, रात्रभर खाजवत बसायचं, फोड येत्यात. काट्याचं तर आणिक येगळंच. काटा वाकवून मोडायचा आणि हळू वडायचा. त्याच्यामागनं पातीतला वाख सुटून येतोय, कधी ईतभर, कधी हातभर. काटा आणि धागा जोडलेलाच. माझी आई त्यानं पोती शिवायची. ल्हानपणी आमी पोरी पैजा लावायचो, कुणाच्या काट्यामागनं जास्ती लांब निघतोय म्हणून. मी जिंकायची. हळू वडायचं, झटका द्यायचा न्हाय, मग आतलं सगळं मागनं येतंय.

पात तोडायची आमच्यात एक रीत हाय. आधी काटा, मग पात. झाडाभोवती लांबनं एक फेरी मारायची, हातात कात्री घ्यायची, आणि सगळ्या पात्यांची टोकं छाटायची. सगळ्या म्हंजे सगळ्या, जी पात तोडायची न्हाय तिचं सुद्धा. मगच कोयता घेऊन आत वाकायचं. कारण पात बुडातनं तोडाय लागतीया. वाकलं की मान आत, आणि वरच्या पात्या बरोब्बर तोंडाच्या उंचीला. ही रीत मला आईनं शिकवली, आणि आमच्या बचत गटातल्या बारा बायकांना मी शिकवली. शिव्या देऊन शिकवली. कुणी एक टोक सोडलं तर सगळ्यांसमोर उभं करून बोलायची मी. ते ध्यानात ठेवा, फुडं मी काय केलं ते सांगते तवा.

आमच्या गटात सना हुती. एकोणीस वर्षांची, रशिदाची एकुलती एक पोर. रशिदा माझी शेजारीण. आमचं घर बुद्धविहाराच्या मागं, तिचं फुडच्या आळीत, दोघींचा नळ एक. तिचा नवरा जाऊन सात वर्षं झाली. शाळेत पोरांचा भात शिजवती आणि त्याच्यावर घर चालवती. सना बारावी झालेली, हुशार, आणि लै खोडकर. तिला एकच याड, गाडी चालवायचं. तिचा मामा दिलदार वडापची, शिटा भरून न्यायची, जीप चालवतोय, नेसरी ते गडहिंग्लज. तिनं शिकाऊ लायसन काढलंतं. म्हणायची, "आक्का, एक दिस मामूची जीप मी चालवणार, आणि तुला फुडं बशिवणार. मागं कोंबणार न्हाय." मी म्हणायची, "तू चालवाय लागलीस की मी पायीच जाईन गं बाई."

जानेवारीत आमच्याकडं मशीन आलं. घायपाताची पात सोलून वाख काढायचं. त्याच्याआधी आमी पात्या डबक्यात कुजवायचो, पंधरा-वीस दिस, वास तर असला की जेवण जायचं न्हाय. हे मशीन हिरवी पात आत घ्यायचं आणि पांढरा वाख बाहेर टाकायचं. तालुक्यातनं पृथ्वीराज नावाचा एक हुशार माणूस ते टेम्पोतनं घेऊन आला, एकाच दिसासाठी. संध्याकाळी पाचला परत न्यायचं हुतं. विहाराच्या पटांगणात ते उभं केलं आणि सगळं गाव बघाय गोळा झालं.

रशिदा शाळेवर जाता जाता माझ्या दारात थांबली. म्हणाली, "आक्का, पोरीकडं बघ हां. उड्या मारत काम करती."

मी म्हणले, "व्हय गं, माझ्या डोळ्यासमोर असती. कोण खातंय तिला?"

धाच्या सुमारास पृथ्वीराज वरडायला लागला, पात्या कमी पडत्यात, मशीन रिकामं फिरतंय. मला घोर लागला. एवढं मशीन दारात आलंय आणि आमच्या बायका मुंगीच्या पावलानं चालल्यात! मी तरातरा माळावर आले. बाकीच्या बायका खालच्या बांधाला, आणि सना एकटी हितं, ह्याच झाडापाशी. कात्री घेऊन एक-एक टोक छाटत बसलीती. बरोब्बर मी शिकवलंतं तसं. लांबनं, फेरी मारून.

आणि मी काय म्हणले ठाऊक हाय? म्हणले, "आगं ए सुंदरे, नखं काढतीस व्हय त्याची? सोड ते काटं. मशीन टोक आपोआप कापतंय. कोयता घे आणि तोड पटापटा."

ती म्हणाली, "आक्का, तूच तर म्हणतीस…"

"मीच म्हणते आणि आता मीच सांगते. सोड म्हणले की सोडायचं."

तिनं कात्री ठेवली, कोयता उचलला आणि वाकली.

मी तिच्याकडं पाठ करून तोडलेल्या पात्यांची मोळी बांधत हुते. मागनं बारीक कट् असा आवाज आला. बस, एवढाच. ती किंचाळली न्हाय, रडली न्हाय. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आक्का, माझ्या डोळ्यात कायतरी गेलं."

मी वळले.

डाव्या डोळ्यात, नाकाच्या अंगाला, पांढऱ्या भागात काटा उभा हुता. पातीपासनं तुटून तिथंच ऱ्हायलेला. तांदळाच्या दाण्याएवढा बाहेर दिसत हुता, काळा. बाकीचा आत. रगत न्हवतं, नुसतं पाणी गळत हुतं गालावरनं. आणि ती माझ्याकडं बघत हुती. तिला वाटलं कचरा हाय. ती हात वर न्यायला लागली.

मी उडी मारून तिचं मनगट धरलं. दुसरं बी धरलं. म्हणले, "हलू नगंस. सने, हलू नगंस, पापणी मिटू नगंस." माझा आवाज मलाच वळखंना. आयुष्यात पैल्यांदा माझ्या तोंडातनं एवढा बारीक आवाज आला.

खोटं कशाला सांगू पावणं, पैल्यांदा माझ्या बी मनात तेच आलं. काढावा. तिची दोन्ही मनगटं मी एका हातात घेतली आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं काट्याजवळ नेली. बोटांना काट्याचं बूड लागलं. काटा टणक हुता आणि त्याच्याखाली डोळा मऊ लागला. आणि तेवढ्यात मला दिसलं, अगदी समोर दिसलं, मी काटा वडतीया आणि त्याच्यामागनं धागा येतोय. हळूहळू, ईतभर, हातभर. पण पातीतनं न्हवं, पोरीच्या डोळ्यातनं. आतलं सगळं मागनं येतंय.  मी बोटं काढून घेतली.

बायकांच्या चहासाठी कागदी कप आणलं हुतं, त्यातला एक पडला हुता शेजारी. तो पुसून तिच्या डोळ्यावर पालथा घातला, काट्याला लागणार न्हाय असा, आणि तिचीच ओढणी वरनं बांधली. मग मी वरडले. असली वरडले की खालच्या बांधाच्या बायका कोयतं टाकून पळत आल्या.

मग सुरू झालं की. एक म्हणाली काढ, एक म्हणाली एरंडेल सोड, एक म्हणाली बाळंतिणीचं दूध आण. पृथ्वीराज बी मशीन सोडून पळत आलाता, त्याला तर बघून चक्कर आली, तो खालीच बसला. दिलदार गावातच हुता, पाच मिनिटांत जीप घेऊन माळावर आला. त्यानं कप उचलून बघितलं आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. म्हणाला, "आक्का, काढून टाक की गं. एवढासा तर दिसतोय. पोरगी तडफडतीया, बघवतंय व्हय तुला?"

मी म्हणले, "जो हात लावंल त्याचा हात ह्याच कोयत्यानं तोडीन. गाडी चालू कर."

तोंडानं एवढं बोलले, पण आतनं माझी काय गत झालती ते मला ठाऊक. वडला तर आतलं बाहेर येईल, हे भ्या एक. आणि ठेवला तर? ते पाणी हाय की घायपाताचं! हाताच्या जाड कातडीला फोड आणतंय, ते आता डोळ्याच्या आत पाझरत असंल. मी काटा आत ठेवून पोरीचा डोळा शिजवत बसलीया का? कोण सांगणार? मी काय डॉक्टर हाय? सातवी शिकलेली बाई मी. सगळी एका तोंडानं काढ म्हणत्यात आणि मी एकटी नको म्हणतीया, ते बी कशाच्या जोरावर, तर ल्हानपणीच्या पैजांच्या.

जीपमधी मी तिला मांडीवर घेतलं आणि दोन्ही हात छातीशी दाबून धरलं. आमचा रस्ता कसा हाय ते तुमी आत्ता बघितलासाच. प्रत्येक खड्ड्याला ती "या अल्ला" म्हणायची आणि माझा जीव गोळा व्हायचा. मी बुद्धाची सरणं म्हणायला घेतली मनात. रोज संध्याकाळी विहारात म्हणतो आमी, झोपेत बी चुकायची न्हाईत. त्या दिशी पैल्या वळीच्या फुडं काय आठवंनाच.

अर्ध्या वाटेवर तिला कळा सुटल्या. म्हणाली, "आक्का, तुझ्या पाया पडते, काढ. जळतंय गं." मी न्हाय म्हणले. मग हात सोडवाय लागली. एकोणीस वर्षांची पोर, कोयता चालवणारी, तिच्या अंगात काय ताकद! मी अंगाचा भार टाकून धरून ठेवलं. तिनं मला शिव्या दिल्या. मी म्हणले, दे, आणि दे. मग ती एकदम थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "तूच म्हणालीस काटं सोड."

दिलदार फुडं हॉर्न वाजवत हुता, त्याला ऐकू गेलं न्हाय. आणि पावणं, तुमाला काय वाटलं असंल मला त्या वक्ताला? पोरीचा डोळा जातोय, आणि मी काय बघितलं, तर दिलदारनं ऐकलं का ते. आरशात त्याचं तोंड बघितलं. त्याला ऐकू गेलं न्हाय म्हणून मला हायसं वाटलं. थू माझ्यावर.

गडहिंग्लजला डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं, इंजेक्शन दिलं, कप परत जागेवर ठेवला आणि म्हणाला, "हात लावू नका. थेट कोल्हापूर. उशीर करू नका." मी विचारलं, डोळा ऱ्हाईल का? तो म्हणाला, "आधी कोल्हापूर गाठा." निपाणीवरनं हायवेला लागलो. सना गुंगीत गेली. मी तिचं हात सोडलं न्हाईत, माझी बोटं आखडून गेलीती.

रशिदाला दिलदारनं फोन केलाता. ती कुणाच्यातरी मोटरसायकलवर गडहिंग्लजला आणि तिथनं एसटीनं कोल्हापूरला आली. तिन्ही सांजेच्या आधी पोचली. हातावर भाताची शितं वाळलेली तशीच. पोरगी तवर आत ऑपरेशनला गेलीती. रशिदा माझ्याजवळ बाकड्यावर बसली. काय विचारलं न्हाय, नुसतं ओठ हलवत बसली. मला वाटत हुतं, आता विचारंल, आता विचारंल. भिंतीवरचं घड्याळ बघून बघून माझं डोळं दुखलं.

डॉक्टरीण बाहेर आली. अनुजा मॅडम म्हणून हुती, तरणीच, पण बोलायला शांत. म्हणाली, "काटा काढलाय. पेरभर आत होता. तो कुणी ओढून काढला असता तर आतलं सगळं त्याच्याबरोबर बाहेर आलं असतं, डोळा तिथंच संपला असता. कप कुणी लावला?"

दिलदारनं माझ्याकडं बोट दाखवलं.

"तुम्ही मोठं काम केलंत मावशी," ती म्हणाली. "पण नजर राहील का, ते मी आज सांगू शकत नाही. आत रक्त साठलंय. जंतू झाले तर अवघड आहे. चार दिवसांनी कळेल."

ते चार दिस म्हंजे काय सांगू तुमाला. रशिदा मला सोडंना. सगळ्यांना सांगायची, शेजारच्या खाटंवरच्यांना, झाडूवालीला, फोनवर पावण्यांना, की ह्या आक्कानं माझ्या पोरीचा डोळा वाचिवला, सगळं गाव काढ म्हणत हुतं पण हिनं काढू दिला न्हाय. दिलदार जाताना मला म्हणाला, "आक्का, मी चुकलो, तुझं बरोबर हुतं." रशिदा खालनं भाकरी-आमटी आणायची, आधी माझ्या फुडं ठेवायची, मग आपण खायची. थंडी वाजती म्हणून आपली शाल माझ्या अंगावर टाकली तिनं.

मी तलाठ्याशी भांडलीया, ग्रामसेवकाला पंचायतीत बसून विचारलंय हिशेब कुठाय म्हणून. कुणाच्या बापाला मी भ्याले न्हाय. आणि ह्या बाईसमोर माझं तोंड उघडंना. दोनदा म्हणले, "रशिदा, ऐक की गं," आणि ती म्हणाली, "बोल की आक्का," आणि मी म्हणले, "काय न्हाय, पाणी हाय का बघ." सांगितलं की ती मला हाकलणार, हे भ्या तर हुतंच. पण खरं भ्या येगळंच हुतं. पट्टी उघडल्यावर डोळा गेलेला निघाला, तर? मग तर मला मरेपर्यंत तोंड दाबून ऱ्हावं लागंल, न्हायतर सांगून तिच्या शापात जगावं लागंल. म्हणून मी थांबत हुते. डोळा आला तर सांगीन, असं मनाला सांगत हुते. बघा माझी अक्कल.

तिसऱ्या दिशी रशिदा पाणी आणाय गेली, तवा सना म्हणाली, "आक्का, हाईस का?"

"हाय की गं. हितंच हाय."

"अम्मीला काय सांगू नगंस. मी तिला सांगितलंय, माझंच लक्ष न्हवतं. ती तुझ्यावर लै जीव टाकती. तुमचं तुटायला नको."

दोन्ही डोळ्यावर पट्टी हुती तिच्या, नुसतं तोंड दिसत हुतं. मी तिच्या केसावरनं हात फिरवला आणि म्हणले, "झोप." ती झोपली. मी संडासात जाऊन नळ सोडला आणि रडले.

चौथ्या दिशी सकाळी मॅडमनी पट्टी काढली. खोलीत मी, रशिदा आणि मॅडम. चांगला उजवा डोळा झाकला. डावा उघडला. लालभडक हुता, आणि मधलं बुबुळ धुरकट. सना समोर बघत बसली. 

"काय दिसतंय?" मॅडमनी विचारलं.

सना गप्प.

रशिदानं माझा दंड धरला. तिची नखं माझ्या मांसात गेली. मी मनात म्हणत हुते, बोल गं पोरी, काय बी बोल. खिडकीतनं ऊन सरळ तिच्या तोंडावर पडलंतं आणि तिला ते कळतंय का न्हाय तेच समजत न्हवतं.

"उजेड हाय," सना म्हणाली.

"आणखी?"

"कायतरी हलतंय."

मॅडमनी हात जवळ नेला, बोटं वर केली. "किती बोटं?"

सनानं मान जराशी फुडं काढली. लै वेळ लावला. "दोन."

तीन हुती. मी बघत हुते, तीन हुती. 

पण मॅडम हसली. म्हणाली, "तीन आहेत. पण तुला बोटं दिसली, हेच खूप आहे. रक्त हळूहळू जिरेल. नजर किती येईल ते दोन-तीन महिन्यांनी कळेल. पूर्ण येईल असं मी म्हणणार नाही." मग ती रशिदाकडं वळली. "आता सगळं थेंबांवर आहे. दर तासाला एक थेंब, सकाळी सहा ते रात्री दहा. एक वेळ चुकवायची नाही. बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. लागलं आणि जंतू झाले, तर आत्ता वाचलेला डोळा जाईल."

मॅडम गेली. रशिदा खाली बसली, परत उठली, रडत रडत हसाय लागली. मग तिनं माझं दोन्ही हात धरलं, आणि आपल्या डोळ्यांना लावलं. एकदा ह्या डोळ्याला, एकदा त्या डोळ्याला. म्हणाली, "आक्का, हे हात न्हवतं, हे माझं…"

मला सोसंना. मी म्हणले, "रशिदा, ती काटं छाटत बसलीती. रीतीनं बसलीती. सोड म्हणून मीच सांगितलं. मशीनसाठी. मीच तिला काटं न छाटलेल्या झाडात वाकाय लावलं."

माझं हात तिच्या हातात तसंच हुतं. तिनं ते सोडलं. झटकलं न्हाईत, नुसतं सोडलं.

तिनं सनाकडं बघितलं. "हिला ठाऊक हुतं?"

सनानं तोंड भिंतीकडं केलं.

"ठाऊक हुतं," मी म्हणले.

रशिदा माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "चार दिस माझ्या हातचं जेवलीस तू."

ती बाहेर गेली. मला वाटलं दिलदारला फोन कराय गेली. मी माझी पिशवी उचलली, शाल घडी करून तिच्या खाटंवर ठेवली. सना म्हणाली, "आक्का, जाऊ नगंस."  मी भित्तीला टेकून उभी ऱ्हायले. 

रशिदा परत आली ती औषधाची पिशवी घेऊन. डोळं पुसलेलं, तोंड कोरडं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "उद्यापासनं मला शाळंवर जायाला पायजे. चार दिस झालं. गेले न्हाय तर दुसरी बाई ठेवत्यात. हितं हिच्याजवळ तू ऱ्हायचंस."

मी म्हणले, "रशिदा, मी?"

"मग कोण? माझं हाय कोण दुसरं?" ती वरडली. पैल्यांदा वरडली. शेजारच्या खाटंवरची बाई उठून बसली. "तूच ऱ्हायचंस. तासातासाला तूच घालायचंस. हात धू. पैला थेंब आत्ता माझ्यासमोर घाल. मला बघू दे."

मी साबणानं हात धुतलं, कोपरापर्यंत धुतलं, परत धुतलं. बाटलीचं टोपण काढलं. सना उताणी पडलीती. मी तिची खालची पापणी वडली. तो लाल डोळा माझ्याकडं लागला हुता, आणि त्याला मी दिसत हुते का न्हाय, मला ठाऊक न्हाय. बाटली वर धरली आणि माझा हात थरथराय लागला. असा थरथरला की बाटलीचं टोक पापणीच्या केसाला लागायला आलं. मी हात मागं घेतला. परत धरला. परत तेच.

"घाल की आक्का," सना म्हणाली. ती बी घाबरली हुती, तिच्या गळ्यातली शीर उडत हुती.

"घालते गं. थांब. घालते," मी म्हणले, आणि हात काय थांबंना.

तेवढ्यात मागनं रशिदानं माझं मनगट धरलं. खालनं, घट्ट. तिचा हात गार हुता आणि जराबी हलत न्हवता.

"माफ केलं न्हाय मी तुला," ती माझ्या कानाशी म्हणाली. "हात हलवू नगंस. टाक."

मी थेंब टाकला.